डावखुरा

बाळकुमच्या आत, जिथे रिक्षावाला म्हणाला
पुढे गाडी जात नाही,
तिथून बापाला हाताला धरून आणलं.
गटारावरची नवी झाकणं, एक बंद पिठाची गिरणी,
आणि टॉवरच्या कुंपणाला पाठ लावून
खुरूस.

फोनवर फोटो दाखवला होता मी,
पण त्याच्या डोळ्यांना फोटो म्हणजे आता नुसता उजेड.
म्हणाला, दगड असेल तर ने मला.

दरसाल मे महिन्यात चुना. थरावर थर,
इतका की शिडीच्या पायऱ्या बुजल्यात,
खिळे तीन की चार, कळत नाही,
हातोडीची झालीय मऊ भाकरी.
तळाशी कोंबडा, तोही पांढराफटक,
शेपटी तेवढी अजून ऐटीत.

समोरच्या ओट्यावरून ब्रिजित मावशी,
"कोन गो तुमी? मेट्रोवाले?"
"नाही. हे माझे वडील. पाट्याला टाकी लावायचे."
"आता कोन लावतंय? मिक्सर हाय."

बापाने चपला काढल्या.
राबोडी ते कळवा, चाळीस वर्षं
दुपारच्या दारादारांत ओरडलेला माणूस,
देवाचं वावडं नव्हतं त्याला, सवड नव्हती,
तो कोंबड्यापाशी उकिडवा बसला.
चुन्याचा एक पोपडा नखाने उचलला.
बोट आत घातलं. थांबला.

"डावखुरा होता हा.
बघ, घाव उलटे कललेत.
आणि इथे, शेपटीत, टाकी बोथट झालीय त्याची.
धार लावायला उठला नाही.
घाई असेल. किंवा भूक."

मावशी ओट्यावरून उतरली.
जन्मभर याच्यापुढे मेणबत्त्या लावल्या,
शेपटीला हात कधी लावला नव्हता.
आता लावला.
"किती वर्साचा असल?" तिने विचारलं.
"तरणाच," बाप म्हणाला.
"म्हातारा एवढा जोर कोंबड्यावर घालवत नाही."

ती काही बोलली नाही. आत गेली,
आणि गोणपाटात गुंडाळलेला पाटा
ओढत, धापा टाकत बाहेर आणला.
सासूचा. घासून आरशासारखा.
मी म्हणणार होते, अहो, हत्यारं कुठून आणायची,
तर बापाने खिशातून टाकी काढली,
दुसऱ्या खिशातून हातोडी.
घरून निघताना मला दिसली नव्हती.

ठक्.
कुंपणापलीकडे वॉचमनने मान वर केली.
ठक्. ठक्.
दगडाचं पीठ माझ्या पायांवर.
"हलवू नकोस," बाप म्हणाला, "नीट धर."