थर्ड पार्टी

लायसन्स हातात येऊन नववा दिवस.
अमळनेरला, मेडिकलच्या वरच्या खोलीत
अमृतकर एजंट कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवतात:
नऊ हजार चारशे.
मी पर्सची चेन नुसतीच मागेपुढे करते.

ते झिरो डेप काढतात. आकडा उतरतो.
इंजिनाचं कव्हर काढतात. आणखी उतरतो.
रस्त्यात बंद पडली तर येणारी मदत काढतात,
"बंद पडनी तं मले फोन कर."
पंख्याखाली माझी ऑल्टो
एकेक कपडा उतरवत उभी.

गाडी मामाची. सहा वर्षं, एकही क्लेम नाही.
बोनस पन्नास टक्के.
तो तरी लावा ना, मी म्हणते.
तो माणसाचा असतो ताई,
गाडीबरोबर येत नाही.
जिन्यावर तंबाखू मळता मळता मामा आतच ओरडला:
"गाडी तुले दिधी, मनी अक्कल कशी देसू?"

मग उरलं थर्ड पार्टी.
दर सरकारी, घासाघीस नाही.
म्हणजे आता माझ्यापासून
पारोळा रोडवरचं सगळं जग सुरक्षित:
कडब्याची बैलगाडी,
क्लासच्या सायकली, तिघी एका रेषेत,
कुल्फीवाला, त्याची घंटी,
समोरून येणारा, डिपर न देणारा प्रत्येक जण.
बंपर तेवढं माझं माझं.

पावती डॅशबोर्डात घातली.
परतताना मामा शेजारी, गप्प, खिडकीबाहेर बघत,
मी चाळीसच्या वर गेलेच नाही
तरी त्याचा उजवा पाय
सारखा दाबत होता
त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक.