खसखस

पाच दिवस आधीपासून बिया बंद,
असं पत्रकात लिहिलंय, जाड ठशात, खाली रेघ मारून.
टोमॅटोच्या बिया, जवस, तीळ, किवी
आणि खसखस.
हे मला सांगतायत. मला, बोगुमिवाला,
झामोश्चमधले एकतीस डिसेंबर जिने
नाताळच्या रोलमध्ये खसखस भरण्यात घालवले.

आमच्याकडची खसखस काळी. म्हणजे निळसर काळी,
ओल्या पाटीसारखी. तीनदा दळायची,
मधात शिजवायची, आणि मग ती कुठेच जात नाही.
नखांत राहते, एप्रनच्या शिवणीत राहते,
एकदा तर चर्चमध्ये
प्रार्थनेच्या पुस्तकातून सांडली.

"नाताळ होऊ दे गं, मग बघू."
तेओदोझिया म्हणाली होती. माझी धाकटी.
रक्त दिसलं होतं तिला, तिनं ते बीटच्या सुपावर ढकललं.
नाताळ झाला. ईस्टर झाला.
आमच्यात सणाला एक रिकामं ताट मांडतात
अनोळखी पाहुण्यासाठी.
पुढच्या वर्षी ते अनोळखी माणसाचं नव्हतं.

म्हणून मी सतरा डिसेंबर घेतली, ऐन हंगामात.
"दोनशे ऑर्डरी आहेत," विन्त्सेंती म्हणाला.
मग काही न बोलता त्यानंच दळणयंत्र धुतलं.

चार दिवस पांढरा पाव, पांढरा भात, उकडलेला मासा.
आजारी मांजराचं जेवण.
पाचव्या दिवशी फक्त आरपार दिसेल तेवढंच.
लाल नको, जांभळं नको.
त्यानं कोंबडीचं सूप तीनदा फडक्यातून गाळलं,
ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं
आणि सुपातून मोठ्यानं वाचलं:
"साखर पुन्हा महागणार."
"पास," म्हणाला. "पी."

मग ती पावडर. चार लिटर.
दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, भट्टीचं घड्याळ लावून.
चव? समुद्रात कुणीतरी लिंबू पिळावं
आणि पिळल्याचा पश्चात्ताप व्हावा, तशी.
अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे चारला.
चारला उठणं मला नवीन नाही.
उठून भट्टी न पेटवणं नवीन.

रात्रीचं काय सांगू.
दुकान बंद करताना पाणी ओतून फरशी धुवावी,
पुन्हा ओतावं, पुन्हा धुवावी,
आणि फरशी आपणच असावं.
दाराबाहेर तो स्टूल टाकून बसलेला,
ऑर्डरींची यादी वाचत: पोस्टमास्तर दोन रोल,
शाळेच्या बाई एक, मनुका वगळून...
सहाच्या सुमाराला अगदी नितळ आलं,
फिक्या चहासारखं. पावाला नेमका रंग चढल्यावर
होतो तसा आनंद झाला मला.
हे सांगायचं कुणाला? त्याला सांगितलं.
"शाब्बास," दाराआडून आला आवाज.

दवाखान्यात निळी कागदी चड्डी, मागून फाटलेली.
मी अर्धवट जागी. पडद्यावर
माझंच आत, गुलाबी, ओलं,
घासून ठेवलेल्या भट्टीसारखं.
दिवा वळणं घेत पुढे जात होता.
"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "हे काय?"

एक काळा ठिपका.

माझ्या जिभेला कोरड पडली.
पाण्याची चिळकांडी मारली, ठिपका घरंगळला.
"खसखस," मी म्हणाले.
पाच दिवस हात लावला नव्हता. किंवा लावला असेल.
चाखायची सवय बोटाला असते, मला नाही.
क्षणभर सगळे गप्प,
आणि मग त्या थंड खोलीत खसखस पिकली.
नर्स किंगा भिंतीला टेकून हसत होती,
डॉक्टर मास्कच्या आत.
"तुम्ही हसू नका हो, कॅमेरा हलतोय."

त्याच्या दहा सेंटिमीटर पुढे
कुणीच हसलं नाही.
देठाचं होतं काहीतरी, अळंबीच्या कळीएवढं.
तारेचा फास टाकून काढलं, बाटलीत घातलं,
बाटलीवर माझं नाव.
"रिपोर्टला दोन आठवडे."

घरी आले तर सगळं दुकान मधाच्या वासाचं.
त्यानं पहिल्या रोलचा कडेचा तुकडा राखून ठेवलेला,
पिळा जरा सैल झालेला, पण ठीक.
मी नुसता हुंगला.
कागदात गुंडाळून त्यावर लिहिलं: माझा आहे,
हात लावू नये,
आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख.

तोवर टिकतो तो.