ऊन पाणी

एकतीस वर्षं मी बडोद्याचं पाणी चाखलं.
निमेट्याच्या प्रयोगशाळेत, सकाळी सातला,
घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा
आणि रजिस्टरात लिहायचं:
रंग नाही. वास नाही. चव नाही.
ज्या दिवशी हे तिन्ही ‘नाही’ जमायचे
त्या दिवशी मी या शहराचा काहीतरी लागायचो.

आता मांजलपूरला, चौथ्या मजल्यावर,
भाची ऋजुता माझ्यापुढे तीन पेले मांडते.
पांढरा चहा, मामा. फळांचा.
तुमची जीभ अजून सरकारी आहे ना?

पांढरा कसला, वाळके कोंब आहेत,
त्यांवर लव, मांजराच्या पिल्लाच्या कानामागे असते तशी.
शेजारी सुकवलेल्या जांभळाचे तुकडे,
खंडेराव मार्केटातून आणलेले रायणीचे पिवळे मणी,
आणि पीच, ज्याची माझी आयुष्यात कधी गाठ पडली नाही.

पहिल्यांदा मी घरच्यासारखंच केलं.
आधण खळखळू दिलं आणि ओतलं.
कोंब मेले. पेल्यात उरला
भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास.
ऋजुता काही बोलली नाही, तिने फक्त खिडकी उघडली.

दुसऱ्यांदा गॅसपाशी उभा राहिलो.
कोमट, मग ऊन, मग कढत, मग आधण.
आई म्हणायची, ऊन पाणी काढलंय, जा अंघोळीला.
उन्हाला आणि पाण्याला
एकच शब्द पुरवून वापरणारी माणसं आम्ही.
तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले होते,
एखादाच सुटून वर येत होता,
तेव्हा उतरवलं.
ऊन आणि कढत यांच्या मधल्या त्या जागेला
लॅबमध्ये आकडा होता,
घरात नाव नाही.

चार मिनिटं.
रंग आला म्हणावं तर आला,
जुन्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरइतका.

जांभूळ आधी गप्प. मग जिभेच्या कडांना तुरट ओढ,
शाळेच्या फाटकाशी एकमेकांना जीभ दाखवायचो, त्या रंगाची.
पीच फार बोलतं, लग्नघरातल्या अत्तरासारखं.
मी म्हटलं, याला कमी कर,
हे फळ नाही, फळाचा वकील आहे.

रायणीच्या पेल्यात रायण नव्हती.
किंवा असेल, पण तिच्याआधी
मला आजवा लागला.
हो, तलावच. मे महिन्यातला, खाली गेलेला,
शेवाळाच्या मातकट कडेचा,
आणि वर आमच्याच हातची क्लोरिनची टोचणी.
जी नाही म्हणून मी नऊ हजार सह्या केल्या
ती चव.
सवयीने बेसिनकडे वळलो होतो.
गिळला तो घोट.

मग शेजारच्या कपिलाबेन आल्या.
आलं, फुदिना, दूध आणि तीन उकळ्या, याला त्या चहा म्हणतात.
बशीत ओतून एक घोट घेतला, म्हणाल्या,
‘आ तो पाणी छे.’
ऋजुताचा चेहरा उतरला.
मी मात्र खुर्चीत सरळ झालो.
एकतीस वर्षांत दळवी साहेबांनीसुद्धा
हे वाक्य माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं.

बशी रिकामी करून त्या उठल्या,
दारापर्यंत गेल्या, चपलेत एक पाय घालून थांबल्या,
जीभ टाळूला लावून पाहिली.
‘पण पाछळथी कंईक आवे छे.’

मागून काय येतं, ते मलाही सांगता येईना.
ऋजुता पेन घेऊन बसली, पाकिटावर काय छापू?
मी म्हटलं, चवीचा रकाना आधी मोठा आख,
आमचा फार अरुंद होता.
रायण दीडपट कर.
आणि आज रात्री पाणी रुंद पातेल्यात उघडं ठेव,
क्लोरिन उडून जाऊ दे.
वर जाळी मात्र घाल,
तुमच्या ओट्यावर पाल आहे.