उत्तर आलं तर

सकाळच्या बुलेटिनमध्ये मी लिहिलं :
नवा डाग पूर्वेच्या कडेवरून आत सरकलाय,
मोठ्या ज्वाळेची शक्यता तीस टक्के.

तीस टक्के म्हणजे काय, हे मी शाळेत जाऊन सांगते.
असे शंभर दिवस घ्या, त्यातले तीस.
मुलं माना डोलावतात.
पण हातात दिवस असतो एकच,
तोही सोडांक्युलातला, डिसेंबरातला.
ज्याच्याबद्दल मी दिवसभर बोलते
तो आठवडाभर उगवलेलाच नाही.

दुपारी तो फुटला.
उजेड आठ मिनिटांत पोचला, त्याची बातमी तोच.
मागून निघालेला ढग मात्र सावकाश,
दोन दिवसांच्या वाटेवर.

लगेच फोन.
वीज कंपनीतला ताइस्तो : ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरवू का?
सहलवाला याल्मारी : दोन बस भरल्यात, आकाश पेटेल ना?
एकाला नाही ऐकायचंय, एकाला हो,
माझ्याकडे आकडा एकच. सात, म्हटलं.

ढग कधी येईल ते सांगता येतं,
सहा तास इकडे, सहा तास तिकडे.
पण त्याच्या पोटातली सुई
कुठे तोंड करून बसलीय,
ते तो उंबऱ्याशी येईतो कळत नाही.
दक्षिण असेल, तर पृथ्वीचं दार सताड उघडं.
उत्तर आलं, तर
काहीच होत नाही.

तिसऱ्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी :
उत्तर.

ताइस्तोने आभार मानले.
याल्मारीने नाही. उणे सत्तावीसमध्ये
त्याची ऐंशी माणसं काळ्या आभाळाला कॅमेरे लावून उभी होती.
मी तक्ता भरला. अंदाज : सात. घडलं : दोन.
शेरा लिहायच्या रकान्यात
नुसतंच पेन टेकवून ठेवलं.

बाहेर आले, तर कुंपणापाशी बाबा. टोपीवर बर्फ.
एकतीस वर्षं ते त्या लाकडी खोपटात जायचे,
तांब्याचे खिळे ठोकलेल्या,
पट्टा, चाकू, किल्ल्या बर्चच्या फांदीला अडकवून,
अंगावर लोखंडाचा कण न ठेवता
हाताने सुई वाचायला.
आता छातीत पेसमेकर आहे.
मना कुणी केलं नव्हतं.
वीस पावलांवरची रेघ त्यांनी स्वतःच ओढली.

"किती?"
"दोन."
"मग मोजून घे," म्हणाले, "अशी शांत रात्र
पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही."
हे त्यांनी मला सांगावं!

मी पट्टा सोडला, किल्ल्या काढल्या,
केसांतल्या दोन पिनासुद्धा,
सगळं त्यांच्या ओंजळीत ठेवलं.
दाराशी जाऊन वळून पाहिलं, तर
ते रेघेच्याही मागे चालले होते,
उलट्या पावलांनी, बर्फ चाचपत.
माझंही लोखंड आता
त्यांच्याकडे होतं.