सुरकुत्यांचा दर

ग्युमरीत, काळ्या दगडांच्या गल्लीत,
बेकरीच्या वर माझं दुकान.
पासपोर्ट, साखरपुडे,
आणि थडग्यांवर कोरायचे चेहरे.

संगणकात प्लगिनचे सहा संच आहेत,
दोन विकतचे, चार भाच्याने कुठून कुठून आणलेले.
एक कातडी सायीसारखी करतो.
एक मळभ उचलून निळं आकाश अंथरतो.
एकाला थकवा नेमका कुठे साठतो ते कळतं,
डोळ्यांखालून तो अलगद टिपून घेतो,
बशीत सांडलेला चहा टिपावा तसा.
सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला,
तिकडे, जिथे कुणी चाळिशीपुढे जात नाही.

बर्फ भुरभुरत होता तेव्हा स्मबात आले,
जन्मभर न्हाव्याची खुर्ची चालवलेले,
टोपीच्या अस्तरात फोटो जपून आणलेले.
हायकानुश, मोज्यांच्या गिरणीच्या दारात,
बत्तीस वर्षांची.
त्या डिसेंबरात गिरणी खाली बसली
तेव्हाही बत्तीसचीच.

"दगड आत्ताच करून ठेवतोय," म्हणाले,
"दोघांचा एकच.
पण मी हा असा, आणि ती ही अशी.
येणारा-जाणारा म्हणेल, बाप-लेक दिसतात.
तिला माझ्याजोगी कर."

कातडी मऊ करायचा स्लायडर
मी शून्याच्या डावीकडे ओढला.
तिकडे मी कधी गेलेच नव्हते.
मग भिंतींना जुनेपण देणारा संच उघडला,
गिलाव्याचा एक तडा घेतला,
केसाएवढा बारीक केला
आणि तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवला.

"डावीकडे जास्त," ते म्हणाले,
"ती एकाच बाजूने हसायची."
भुवयांमध्ये दोन उभ्या:
चष्मा लावायचा नाही
आणि हट्टाने सुईत दोरा ओवायचा, त्याच्या.
हनुवटी आईवर जाणार होती,
ती नेली.
कपाळावरची एक आडवी त्यांनी मागून घेतली.
"ही माझ्यामुळे आली असती."
कशामुळे, ते मी विचारलं नाही.
"अजून खोल कर," एवढंच म्हणाले.

खालून पावाचा वास वर येत राहिला,
संगणकाचा पंखा धापा टाकत राहिला.
चार वाजेपर्यंत ती अडुसष्टची झाली.
स्मबात खुर्ची ओढून
तिच्या शेजारी बसले, पडद्याला खांदा लावून,
आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब जुळतंय का पाहू लागले.

सुरकुत्या काढायचा दर माझ्या भिंतीवर लिहिलाय,
नगाला पाचशे द्राम.
घालायचा दर कुठेच नाही.
मी म्हटलं, राहू दे.
"एकोणीस घातल्यास," ते म्हणाले,
आणि नोटा मोजून ठेवल्या. एकही कमी नाही.

जिना उतरले. पुन्हा चढून आले,
टोपीवर ताजा बर्फ.
"केस," म्हणाले, "पांढरे का केलेस?
ती रंगवणार. हमखास रंगवणार.
आणि रंग मीच लावणार,
दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मी केस पुन्हा काळे केले.
मुळांशी मात्र
बोटाच्या नखाएवढे पांढरे राहू दिले.
त्यांनी जवळ वाकून पाहिलं,
धंद्यातल्या माणसाच्या नजरेने.

"हो," म्हणाले,
"तीन आठवडे झालेत."