दगड घासणारा

साखर पेठेतल्या छापखान्यात
मी दगड घासायचो.
मासिकाचं नाव 'कुसळ'. किंमत दोन आणे.
माझं नाव त्यात यायचं कारणच नव्हतं.

माणिकप्पा पेंटर दगडावर सगळं उलटं काढायचा,
उलटा साहेब, उलटी टोपी, उलटी अक्षरं.
म्हणायचा, "नरसू, ही माणसं सरळ दिसायला
आधी उलटी करावी लागतात बे."

एकदा नगरपालिकेचे अध्यक्ष काढले:
मिशीच्या एका टोकाला नळ,
दुसऱ्या टोकाला घागरींची रांग, पार तळ्यापर्यंत.
मिलच्या सुट्टीत, कडक भाकरीवर शेंगाचटणी ठेवून
ज्याला वाचता येई तो वाचे.
ज्याला येत नसे तो आधी हसे.

अंक निघाला की माझं काम.
सीनेची वाळू, पाणी, दगडावर दगड,
जात्यासारखं गोल गोल.
अध्यक्ष गेले. दोन मिलमालक गेले.
एका रावबहादुराचं पोट जायला
दोन दिवस लागले.

मग कलेक्टर.
माणिकप्पानं त्याला गाढवाचे कान दिले,
लांब, आतल्या केसांसकट.
अंक बांधणीतच जप्त झाला. माणिकप्पाला नेलं.
दगड जड होता, म्हणून राहिला.

तिसऱ्या दिवशी सरकारी यंत्र बिघडलं
आणि त्याच कलेक्टरची नोटीस आमच्याकडे आली:
पाचांहून जास्त इसमांनी एकत्र जमू नये.
मोकळा दगड एकच होता.
रात्रभर घासला.

सकाळी बाळीवेशीपासून किल्ल्यापर्यंत नोटिसा लागल्या.
ऊन चढलं तसं एका पोराच्या ध्यानात आलं,
'हुकमावरून' या शब्दाच्या वर
पुसट, चुलीच्या धुरासारखे
दोन कान.

पाच जण जमले. मग पन्नास.
जमू नये, हे वाचायला
अख्खी मंगळवार पेठ जमली.
तेलुगूत हसले, कानडीत हसले,
एक म्हातारे मौलवी चष्मा पुसून
पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.
भोंगा झाला तरी कुणी हललं नाही.

फौजदारानं मला उभं केलं.
"नीट का घासला नाहीस?"
म्हटलं, हात दुखत होता, साहेब.
"कुठला? डावा की उजवा?"

मी जरा विचारात पडलो.
म्हटलं, दगडावरचा सांगू
की कागदावरचा?