बास

आईला नाव सांगितलं तर म्हणाली,
बास म्हणजे? पुरे झालं, ते बास?
हो म्हटलं, तेच.

वय त्रेचाळीस. भोसरीच्या कारखान्यात क्वालिटीला असते.
दिवसभर शाफ्टचे व्यास,
दोन शतांश मिलिमीटर जास्त भरला की लाल ट्रे.
गिटार घेतली कात्रजच्या एका पोराकडून.
तो कॅनडाला निघालेला, सामानाच्या वजनात बसेना.
तिच्या पाठीवर त्याच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत,
ते मी पुसायचा प्रयत्न केला नाही.

शनिवारी संध्याकाळी क्वार्टर गेट,
बेकरीच्या वर सिल्व्हेस्टर सरांची खोली.
पहिला महिना नुसता उजवा हात.
तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं,
साठच्या ठेक्याला.
घाई कसली, सर म्हणायचे, बस पकडायचीय का?
पकडायची होती. आठ चाळीसची.

मग डावा. एका पडद्याला एक बोट,
आणि करंगळीला कामाला लावणं,
जी आजवर फक्त चहा पिताना बाहेर यायची.
मग तार दाबायची नाही, नुसतं शिवायचं:
ठक.
सूर नाही, सुराची रिकामी खुर्ची.
हे सगळ्यात अवघड, सर म्हणाले,
न वाजवणं ऐकू यायला हवं.

घरी जाडी तार छेडली की
फडताळातल्या ताटल्या थरथरतात.
खालचे कुंटे येऊन सांगून गेले,
तुमचा फ्रिज घरघरतोय, बघून घ्या.
बघते म्हटलं.

नंतर त्या गाजलेल्या ओळी.
तुम्ही ऐकल्यात, फक्त वरचं गाणं ऐकत होतात.
एक आहे तीन सुरांची, बाकी सगळं थांबणं.
एक जिना उतरते, चार पायऱ्या, पुन्हा वर, पुन्हा चार,
आणि खाली कधीच पोचत नाही.
एक इतकी पळते की ती मला अजून येत नाही,
ऐंशीच्या पुढे बोटांचे पाय एकमेकांत अडकतात.

चौथी मीच निवडली. जुनं हिंदी गाणं,
आमच्या टेपवर रविवारी दुपारी लागायचं.
कानाने उतरवून घेतलं, वहीत लिहिलं, वाजवून दाखवलं.
सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते.
दुसऱ्या कडव्याआधी कोमल गंधार घेतलास, म्हणाले.
तिथे तोच बरोबर आहे ना, मी म्हटलं.
बरोबर तोच आहे. रेकॉर्डवर शुद्ध लागलाय.
पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो होतो, झोप नव्हती,
बोट एक पडदा पुढे पडलं.
गाणारी बाई थांबली नाही,
दुसरा टेक निर्मात्याला परवडत नव्हता.
आता लग्नातले ऑर्केस्ट्रावाले तसंच वाजवतात.

कव्हरवर तुमचं नाव आहे?
हसले. खालून पावाचा वास येत होता.
तोच सूर घे, म्हणाले.

माझं बोट जाईना तिथे.
वीस वर्षं हाताला जी सवय
ती प्रत्येक वेळी आधीच थांबायची,
मोजायची, मागे घ्यायची.
चार शनिवार गेले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले,
कारखान्यात मायक्रोमीटरचा थिंबल फिरवताना
स्पर्श जरा उशिरा पोचू लागला.

काल आई ओट्याशी भांडी लावत होती,
तेच गाणं गुणगुणत, अर्धे शब्द गाळून.
दुसऱ्या कडव्याआधी थांबली.
इथे काहीतरी होतं गं. शब्द नव्हे.
काहीतरी खाली… पाट सरकल्यासारखं.

मी गिटार मांडीवर घेतली
आणि तो चुकीचा सूर दिला, पूर्ण लांबीचा.
ताटल्या हलल्या.

हां, बास, आई म्हणाली, तेच ते.

खालून कुंट्यांनी काठीने छत ठोकलं,
दोनदा,
ठेक्याच्या जरासं मागे.